आकाशदर्शनाची संध्याकाळ : रांगेतल्या माणसाला खरंच दिसलं का?

सार्वजनिक आकाशदर्शनाचा हिशोब रांगेपासून सुरू होतो. एका माणसानं पुढं यायचं, अंधारात आयपीस (डोळा लावायचं भिंग) कुठं आहे ते शोधायचं, डोळा लावायचा, दिसायला लागलं की जरा बघायचं, एखादा प्रश्न विचारायचा आणि बाजूला व्हायचं. याला मिनिटभर सहज जातं. मधूनमधून दुर्बीण पुन्हा नेमावी लागते, फोकस तपासावा लागतो. म्हणून एका दुर्बिणीमागं तासाला साठ नव्हे, पंचेचाळीस माणसं धरावीत. चार दुर्बिणी आणि दोन तास म्हणजे ३६० वेळा डोळा लागणार. दोनशे लोक आले तर माणशी दोन दर्शनंसुद्धा पुरती वाट्याला येत नाहीत. आमच्या मंडळाचे नवे कार्यकर्ते उत्साहानं पंधरा-वीस गोष्टींची यादी घेऊन येतात, तेव्हा आम्ही हा गुणाकार त्यांच्यापुढं ठेवतो. यादी दोन-तीनवर येते. मग एकच प्रश्न उरतो, की त्या दोन-तीन गोष्टी त्या माणसाला खरोखर दिसल्या का? खालची सगळी तयारी त्या एका मिनिटासाठी आहे.

तारीख चंद्रावरून ठरते. हौशी निरीक्षकांना अमावास्या आवडते, पण ती त्यांची रात्र. लोकांसाठी शुद्ध षष्ठी ते दशमी हे दिवस उत्तम. अष्टमीच्या आसपास सूर्य मावळतो तेव्हा चंद्र आकाशात उंच असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, त्यामुळे कार्यक्रमभर तो हाताशी असतो. प्रकाश आणि अंधाराच्या सीमारेषेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात, आणि खोली कळते ती या सावल्यांमुळेच. पंचमी-षष्ठीला थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना हे विवरांचं त्रिकूट, अष्टमीला टॉलेमियस-अल्फोन्सस-अर्झाकेलची ओळ, तिच्या पुढच्या दिवशी ‘सरळ भिंत’ नावाची सुमारे ११० किलोमीटर लांबीची काळी रेघ, दशमीपर्यंत ९३ किलोमीटर रुंदीचं कोपर्निकस. पौर्णिमेला आग्रहानं कार्यक्रम ठेवणारे असतात, ‘पूर्ण चंद्र’ ऐकायला छान वाटतं म्हणून. पण त्या रात्री सूर्य चंद्राच्या समोरून प्रकाश टाकतो, सावल्या उरत नाहीत, चंद्र सपाट आणि डोळे दिपवणारा दिसतो, वर बाकीचं आकाश धुऊन जातं. अष्टमीच्या चंद्राचा प्रकाश पौर्णिमेच्या साधारण एक दशांशच असतो. अर्धं बिंब म्हणजे अर्धा प्रकाश असा समज असतो, तो सावल्यांमुळे चुकीचा ठरतो.

दुसरी गोष्ट ग्रह. गुरू किंवा शनी संध्याकाळी किमान ३० अंश उंचीवर येतो ते महिने धरावेत. ३० अंशांवर प्रकाशाला डोक्यावरच्या हवेच्या दुप्पट हवा ओलांडावी लागते, त्याखाली तर प्रतिमा पाण्याखाली ठेवल्यासारखी हलते. शनीबद्दल लोकांना आधीच सांगून ठेवावं लागतं. २३ मार्च २०२५ रोजी कड्यांचं प्रतल पृथ्वीच्या बरोबर रेषेत आलं होतं, तेव्हा कडी जवळपास नाहीशी झाली होती. आता ती वर्षागणिक उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास पुन्हा पूर्ण रुंदीला येतील. ज्यांनी २०१७-१८ मध्ये शनी पाहिलाय ते सध्याचा शनी बघून ‘दुर्बीण तीच आहे ना?’ असं विचारतात. दुर्बीण तीच असते.

हवामानाबाबत ढग आहेत की नाहीत एवढंच बघून भागत नाही. स्वच्छ आणि स्थिर ही दोन वेगळी परिमाणं. पाऊस येऊन गेल्यावर हवा काचेसारखी स्वच्छ असते, तारे लखलखतात, पण जोरात लुकलुकत असतील तर गुरूचे पट्टे दिसणार नाहीत. उलट किंचित धुरकट, निवांत रात्री तेजोमेघ (अवकाशातले वायूचे पुसट ढग) फिके पडतात पण ग्रह कोरल्यासारखे दिसतात. म्हणून ‘आज काय दाखवायचं’ हे दोन पर्याय धरून ठरवतो. कार्यक्रम होणार की नाही हे दुपारी ठरलेल्या वेळी जाहीर करायचं आणि मग फिरवायचं नाही. ‘बघू, सहाला सांगतो’ म्हटलं की निम्मे लोक घरी थांबतात आणि निम्मे ढगाखाली येऊन उभे राहतात.

जागा बघायला दिवसा एकदा आणि रात्री एकदा जावं लागतं. दिवसा दिसतं ते क्षितिज. कोणत्या बाजूला झाडं किंवा इमारती आहेत आणि ग्रह त्यांच्यामागं कधी जाणार. रात्री दिसतात ते दिवे. वेळेवर आपोआप लागणारा दिवा कोणाच्या ताब्यात आहे, तो बंद करायची परवानगी कोण देतो, त्या माणसाचा फोन त्या रात्री लागणार का, हे आधी विचारून ठेवायचं. हिरवळ असेल तर पाण्याचे फवारे वेळापत्रकावर लावलेत का तेही विचारायचं. हा प्रश्न न विचारता आरसे भिजवून घेतलेली मंडळं पुष्कळ आहेत. डांबरी किंवा काँक्रीटची जागा दिवसभराची उष्णता रात्री सोडत राहते आणि प्रतिमा उकळते. गवत किंवा माती बरी. दुर्बीण छपरावरून ग्रहाकडं बघत असेल तर छपराची गरम हवा मध्ये येते, म्हणून दोन पावलं सरकून बघावं. गाड्या उभ्या करायच्या त्या अशा, की निघताना दिवे मैदानाकडं वळणार नाहीत. आजकालच्या गाड्यांचे दिवे दार उघडताच आपोआप लागतात, त्यामुळे पार्किंग जितकं लांब तितकं चांगलं.

दुर्बिणी सूर्यास्ताच्या तासभर आधी मांडायच्या. आठ इंची आरसा बाहेरच्या हवेच्या तापमानाला यायला अर्धा ते एक तास घेतो. तोवर आरशावर गरम हवेचा पातळ थर राहतो आणि मोठ्या वर्धनाला काहीच स्पष्ट होत नाही. बाहेर दमट असताना दुर्बीण वातानुकूलित खोलीतून थेट आणली तर उलटं होतं. थंड आरशावर वाफ धरते. अशा वेळी ती आधीच साध्या खोलीत काढून ठेवावी. सूर्य मावळायच्या आत मांडलेल्या प्रत्येक दुर्बिणीवर झाकण हवं, फाइंडरवरही (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीवरही) हवं, तोंड पश्चिमेकडं नको आणि तिच्याजवळ माणूस हवा. लवकर आलेली मुलं पहिली गोष्ट करतात ती आयपीसला डोळा लावण्याची. दिवसा सूर्यही दाखवायचा असेल तर फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर, पूर्ण झाकणारा आणि वाऱ्यानं निघणार नाही असा बसवलेला हवा. लावण्याआधी तो उजेडाकडं धरून टाचणीएवढं भोक आहे का ते बघायचं. आयपीसच्या मागं स्क्रूनं लावायचे जुने काळे सौर फिल्टर फेकून द्यावेत. एकवटलेल्या उष्णतेनं ते तडकतात, आणि तेव्हा डोळा तिथं असतो. ग्रहणाचा कागदी चष्मा घालून दुर्बिणीतून बघणं हाही असाच धोका.

गाडीतून हादरे खात आलेल्या न्यूटोनियन (दोन आरशांच्या) दुर्बिणीचं कोलिमेशन, म्हणजे आरशांची एका रेषेतली जुळणी, हललेलं असतं असं गृहीतच धरायचं. उजेड असतानाच आधी दुय्यम आरसा, मग मुख्य आरसा, असं लेझर किंवा चेशायर (आरसे जुळवायचं छोटं साधन) लावून दहा मिनिटांत जमतं. अंधार पडल्यावर एखादा ठळक तारा किंचित आउट ऑफ फोकस करून बघायचा. ताऱ्याभोवती दिसणारी प्रकाशाची कडी एकात एक नेमकी बसली तर झालं. फाइंडरही उजेडातच जुळवायचा, किमान अर्ध्या किलोमीटरवरच्या खांबाच्या टोकावर. जवळच्या झाडावर जुळवलेला फाइंडर आकाशात चुकतो, कारण फाइंडर आणि दुर्बीण यांच्यातलं काही सेंटिमीटरचं अंतर जवळच्या वस्तूवर कोनात उतरतं.

गो-टू (मोटारीनं आपोआप वस्तूकडं वळणाऱ्या) दुर्बिणी संध्याकाळी दगा देतात त्याची कारणं बहुतेक वेळा तीच असतात. तारीख महिना-दिवस या क्रमानं मागितलेली असते आणि आपण दिवस-महिना भरतो. उन्हाळी वेळेची (काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं करतात ती) सेटिंग चालू राहिलेली असते. रेखांशाचं पूर्व-पश्चिम उलटं पडलेलं असतं. यांपैकी एक जरी चुकलं तरी दुर्बीण आत्मविश्वासानं जमिनीकडं वळते. दोन तारे देऊन जुळवणी करताना ते आकाशात एकमेकांपासून लांब असावेत, आणि नाव नक्की माहीत असलेलेच घ्यावेत. पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपैकी कोणता कॅस्टर यावर वाद घालत बसण्यापेक्षा व्याध घ्यावा. बॅटरीचा दाब पडला की मोटारी वेड्यासारख्या फिरतात किंवा हँडसेट पुन्हा सुरू होतो आणि सगळी जुळवणी जाते. बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा खाली उतरवू नये. दुर्बीण दीड अँपिअर खात असेल तर ही बॅटरी दोन-अडीच तासांची आहे असंच धरावं, कागदावर साडेचार येत असले तरी. आणि कोणाचा तरी पाय ट्रायपॉडला लागणारच. तेव्हा पूर्ण जुळवणी पुन्हा करत रांग थांबवू नये. समोर दिसणारा ग्रह हातानं मधोमध आणून त्याच्यावर सिंक करावं (आपण आता याच्याकडं बघतोय हे दुर्बिणीला कळवावं) आणि तो एकच ग्रह दाखवत राहावं. ट्रायपॉडच्या पायांना पांढरी चिकटपट्टी किंवा मंद लाल दिवे लावले की लाथा निम्म्यानं कमी होतात. विजेची तार लोक चालतात त्या वाटेवरून न्यायचीच नाही.

खरं तर गर्दीसाठी आमची पसंती साध्या डॉब्सोनियनला. जॉन डॉब्सननं १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत साथीदारांबरोबर फुटपाथवर लोकांना दुर्बिणीतून आकाश दाखवणारा गट सुरू केला, त्याच कामासाठी घडत गेलेली ही मांडणी. खाली फिरती पेटी, वर आरशाची नळी, ना बॅटरी ना जुळवणी. धक्का लागला तर पाच सेकंदांत पुन्हा नेमता येते. तिची अडचण एकच, पृथ्वी फिरते तशी वस्तू दृष्टिक्षेत्रातून सरकत जाते. आकाश ताशी १५ अंश सरकतं, म्हणजे मिनिटाला १५ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). आठ इंची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (आरशापासून प्रकाश जिथं एकवटतो तिथवरचं अंतर) डॉबला, म्हणजे डॉब्सोनियनला, २५ मिमीचा साधा प्लॉसल आयपीस लावला तर वर्धन ४८ पट आणि दृष्टिक्षेत्र सुमारे ६५ कलांचं. वस्तू या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला चार मिनिटांवर वेळ. १० मिमीचा लावला तर १२० पट, २६ कला, जेमतेम पावणेदोन मिनिटं. ग्रह मधोमध ठेवून पुढच्याला बोलावलं तर बोलण्यातच अर्धा वेळ जातो आणि बिचाऱ्याला ग्रह कडेवरून निसटताना दिसतो. म्हणून ग्रह मधोमध न ठेवता, तो ज्या बाजूनं आत येतो त्या कडेजवळ ठेवायचा. मग तो सरकत मध्यावर येतो तेव्हा पाहणारा स्थिरावलेला असतो. दर दोन माणसांनंतर दुर्बीण पुन्हा नेमायची, कोणी ‘दिसत नाही’ म्हणायची वाट बघायची नाही.

वर्धनाचा मोह आवरायला हवा. ‘ही किती पट दाखवते?’ हा रांगेतला ठरलेला प्रश्न. पुस्तकी मर्यादा दर इंचाला ५० पट, म्हणजे आठ इंचीला ४००. पण बहुतेक रात्री हवा १५०-२०० च्या पुढं काही देत नाही, आणि वर्धन वाढलं की दृष्टिक्षेत्र आणि वेळ दोन्ही आकसतात. चंद्रासाठी ४८ पट, कारण अर्ध्या अंशाचं बिंब त्यात पूर्ण मावतं. ग्रहांसाठी १०० ते १२०. एवढ्यात शनी फार बारीक वाटतो असं लोक म्हणतात. गणित वेगळंच सांगतं. १२० पटीत शनीचा गोळा नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो त्याहून थोडा मोठाच असतो, आणि कड्यांचा विस्तार त्याच्या दुपटीहून जास्त. भोवती काळोखाची मोठी चौकट असल्यामुळे मेंदू त्याला लहान ठरवतो. हे सांगितलं की माणूस पुन्हा डोळा लावतो, आणि या वेळी नीट बघतो.

प्रत्येक दुर्बिणीला दोन कार्यकर्ते लागतात. एक आयपीसपाशी, दुसरा रांगेच्या तोंडाशी. रांगेतला माणूस पुढच्या चार-पाच जणांना काय दिसणार, कुठं बघायचं, कशाला हात लावायचा नाही हे आधीच सांगतो, म्हणजे आयपीसपाशी फक्त बघणं उरतं. सगळ्या सूचना तिथं दिल्या तर मिनिटाची दोन मिनिटं होतात. जमिनीवर पांढरी दोरी टाकून रांगेची दिशा दाखवली की लोक दुर्बिणीभोवती घोळका करत नाहीत. प्रत्येक रांगेच्या तोंडाशी मोठ्या अक्षरांत ‘चंद्र’, ‘गुरू’ असं लिहून लाल दिव्याखाली लावायचं. नाहीतर वीस मिनिटं उभा राहिलेला माणूस पुढं येऊन म्हणतो, हा तर मी आत्ताच बघितला.

आता ते मिनिट. पहिल्यांदा बघणारा माणूस डोळा आयपीसला चिकटवतो, किंवा फूटभर लांबून डोकावतो. दोन्हींत काळंच दिसतं. आयपीसमधून बाहेर पडणारी प्रकाशाची वर्तुळाकार शलाका काही मिलिमीटरचीच असते, ४८ पटीत चार, १२० पटीत दोनहून कमी. डोळ्याची बाहुली तिच्या रेषेत आणि योग्य अंतरावर आली तरच प्रतिमा उजळते. म्हणून ‘बघा’ एवढं पुरत नाही. ‘वीतभर लांबून सुरुवात करा, उजेडाचा ठिपका दिसेल, त्याच्याकडं हळूहळू या’ असं सांगावं लागतं. दुर्बिणीला धरू नका हेही सांगायचं, पण हात कुठं ठेवायचा हे सांगितलं नाही तर तो आयपीसवरच जातो. हात पाठीमागं, किंवा शिडीच्या दांडीवर. आयपीस कुठं आहे हे दाखवायला त्याच्या शेजारी आपलं बोट धरून त्यावर क्षणभर मंद लाल दिवा टाकायचा.

‘दिसलं का?’ हा प्रश्न आम्ही विचारत नाही. त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. मागं तीस माणसं उभी आहेत, समोरचा स्वयंसेवक आशेनं बघतोय, अशा वेळी ‘नाही’ म्हणायला धीर लागतो. कित्येक जण काळोख बघून ‘छान’ म्हणत निघून जातात. त्याऐवजी असा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर बघितल्याशिवाय देता येणार नाही. गुरूजवळच्या चार ठिपक्यांपैकी, म्हणजे त्याच्या चंद्रांपैकी, किती एका बाजूला आहेत? कडी आडवी आहेत की तिरकी? चंद्राची कड वर गुळगुळीत आहे की खाली? उत्तर चुकलं किंवा अडखळलं की थांबायचं, फोकस आणि डोकं दोन्ही दुरुस्त करायचं. यात अर्धं मिनिट जास्त जातं आणि रांग कुरकुरते. ते चालवून घ्यावं.

चष्मा हा दर पाचव्या माणसाचा प्रश्न. जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस थोडा फिरवला की भागतं, कारण तो दोष फोकसनं पुसला जातो. नंबर सिलिंड्रिकल आणि मोठा असेल तर चष्मा ठेवूनच बघावं. पण १० मिमीच्या प्लॉसलला डोळा सात मिलिमीटरवर आणावा लागतो, आणि चष्म्याची काच तेवढी जवळ येऊ देत नाही. अशांसाठी १५-२० मिमी आय-रिलीफचा (म्हणजे डोळा तेवढा लांब ठेवूनही दिसतं असा) एक आयपीस मंडळाकडं असावाच. गर्दीच्या रात्री तोच कायम लावून ठेवणं सगळ्यांत सोपं. फोकसची खुंटी प्रत्येकाला फिरवू द्यायची, पण कुठली ते बोट लावून दाखवायचं. आणि दर चार-पाच जणांनंतर स्वतः बघायचं. एकानं बिघडवलेला फोकस पुढचे दहा जण मुकाट्यानं सहन करतात.

मुलांचं वेगळं. सहा-सात वर्षांच्या पुष्कळ मुलांना एक डोळा मिटता येत नाही. दोन्ही मिटतात. त्यांचा न बघणारा डोळा पालकांनी तळव्यानं झाकायचा. शिडी अशी हवी, जिच्या वरच्या पायरीच्याही वर धरायला आडवी दांडी असेल. तसं नसेल तर मूल तोल सावरायला आयपीसच पकडतं. मुलाला उचलून दाखवू नये. हातात हलणारं मूल आणि स्थिर शलाका यांचा मेळ बसत नाही, आणि त्याचं डोकं नळीवर आपटतं. ज्यांना शिडी चढता येत नाही किंवा जे व्हीलचेअरवर आहेत, त्यांच्यासाठी डायगोनल (आयपीसची दिशा वळवणारा जोड) लावलेली छोटी अपवर्तक (भिंगाची) दुर्बीण बुटक्या ट्रायपॉडवर वेगळी ठेवावी. डायगोनल फिरवून आयपीस त्यांच्याकडं आणता येतो. मोबाइलवर चित्र दाखवणाऱ्या नव्या ‘स्मार्ट’ दुर्बिणींचाही इथं उपयोग होतो. एरवी आमचं मत विचाराल तर गर्दीसमोर त्या मध्यभागी ठेवू नयेत. पडद्यावरची चित्रं लोकांच्या खिशात आधीच आहेत.

मोबाइलचं काय करायचं हा दर वेळचा तंटा. अंधाराला डोळे पुरते सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या पडद्याकडं एक नजर टाकली की ती कमाई जाते. पण चंद्राच्या रात्री, चंद्र-ग्रह एवढंच दाखवत असताना, फार कडक राहण्यात अर्थ नाही. तिथं सरावलेल्या डोळ्यांची गरजच नसते. चंद्राचा फोटो प्रत्येकाला हवा असतो. त्यासाठी फोन धरायचा क्लॅम्प लावलेली एक दुर्बीण वेगळी ठेवावी. पडद्यावर चंद्राला बोट लावून उजेड खाली ओढायचा, म्हणजे पांढरा डाग न येता विवरं येतात. ग्रहांच्या रांगेत मात्र फोटो नाही. एक फोटो चार माणसांचा वेळ खातो. लाल दिवेसुद्धा मंद हवेत. लालपणामुळे प्रखर दिवा माफ होत नाही.

अंधाऱ्या आकाशाखाली तेजोमेघ किंवा दीर्घिका दाखवायची असेल तर अपेक्षांवर आधी बोलायचं. लोकांनी रंगीत छायाचित्रं पाहिलेली असतात. मंद प्रकाशात काम करणाऱ्या डोळ्यातल्या दंडपेशींना रंग कळत नाही, आणि कॅमेरा मिनिटांनी-तासांनी साठवतो ते डोळ्याला क्षणात साठवता येत नाही. म्हणून मृगातला तेजोमेघ राखाडी, क्वचित हिरवट, आणि देवयानी दीर्घिका शहराजवळून नुसता पुसटसा धब्बा. थेट न बघता नजर किंचित बाजूला ठेवायची, म्हणजे प्रकाश दंडपेशींवर पडतो आणि धब्बा उठून येतो. त्या धब्ब्याचा प्रकाश सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, हे डोळा लावलेला असताना सांगायचं, आधी नाही. उजळ आकाशात मात्र दीर्घिकेच्या नादी लागूच नये. जोडतारे प्रकाशप्रदूषणाला दाद देत नाहीत. हंसातला अल्बिरिओ, एक सोनेरी आणि एक निळसर, ३५ विकलांच्या (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) अंतरावर, कमी वर्धनातही सुटा दिसतो आणि लोकांना आवडतो. कृत्तिकांना मात्र दुर्बीण नकोच, त्या मोठ्या दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात मावत नाहीत. ट्रायपॉडवर लावलेला १०×५० चा द्विनेत्री (बायनॉक्युलर) त्यांच्यासाठी पुरे.

रांगेत उभ्या असलेल्यांसाठी नुसत्या डोळ्यांचा कोपरा लागतो. पंचवीस-तीस जणांचा गट, पंधरा मिनिटं, एकच बोलणारा. दिशांपासून सुरुवात. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश. सप्तर्षी वर असतील तर वसिष्ठ आणि अरुंधती नुसत्या डोळ्यांनी वेगळे दिसतात का ते विचारायचं, मग दुर्बिणीत वसिष्ठ स्वतःच दुहेरी आहे हे दाखवायचं. वसिष्ठाच्या चार आणि अरुंधतीच्या दोन अशा सहा ताऱ्यांचा पत्ता लागलेला आहे हे ऐकल्यावर ती जागा लोक विसरत नाहीत. हिरवा लेझर एकाच माणसाच्या हातात, पाच मिलिवॅटपेक्षा जास्त नको, आणि स्थानिक नियमांत बसत असेल तरच. विमान दिसलं की बंद. मुलांच्या हातात अजिबात नाही. स्वस्त लेझर छापलेल्या क्षमतेपेक्षा जास्त ताकदीचे निघतात आणि न दिसणारे अवरक्त किरणही सोडतात. अंतराळ स्थानक जाणार असेल तर त्याची वेळ त्याच दिवशी पुन्हा तपासायची, कारण कक्षा उंचावली की जुनं वेळापत्रक चुकतं. पाच मिनिटं आधी घोषणा करून सगळ्या रांगा थांबवायच्या. नाहीतरी आयपीसपाशी तेव्हा कोणी थांबत नाही.

दव नऊनंतर सतावतं. मोकळ्या आकाशाकडं तोंड असलेली काच उष्णता सोडत हवेपेक्षा थंड होते आणि तिच्यावर पाणी धरतं. डॉबचा मुख्य आरसा नळीच्या तळाशी सुरक्षित असतो, आधी जातात ते फाइंडर, आयपीस आणि दुय्यम आरसा. श्मिट-कॅसेग्रेनची (नळीच्या तोंडाशी काच असलेल्या दुर्बिणीची) पुढची काच तर लगेच. तिच्यावर व्यासाच्या दीडपट लांबीची नळकांडी लावली तर तास-दीड तास मिळतो, पुढं हीटरची पट्टी लागते. आयपीस खिशात गरम ठेवायचे आणि आलटून पालटून लावायचे. रांगेतल्या माणसांच्या श्वासानंही वाफ धरते, आणि ती दिसली की हात आपसूक रुमालाकडं जातो. पुसायचं नाही. धुळीसकट पुसलेली काच ओरखडते. बारा व्होल्टचा छोटा गरम झोत लांबून फिरवला की वाफ जाते. आयपीसच्या रबरी कडा मात्र मधूनमधून अल्कोहोलच्या फडक्यानं पुसाव्यात, काचेला न लावता. डोळे आलेल्या माणसाला नम्रपणे पडद्यावरचं चित्र दाखवावं.

आवरताना लोक गेल्यावरच पांढरा टॉर्च लावायचा, आणि लावायचाच. काळी झाकणं लाल उजेडात गवतात सापडत नाहीत. दुर्बिणीखाली आधीच फिकट ताडपत्री अंथरली असेल तर पडलेले स्क्रू तिच्यावर मिळतात. आयपीस मोजून पेटीत. ओल्या काचेवर झाकण लावून पेटी बंद केली तर काही आठवड्यांत बुरशी धरते. तात्पुरतं झाकण घरी पोचेपर्यंत ठीक, मग सगळं उघडं करून नळीचं तोंड किंचित खाली झुकवून सुकवायचं, आणि सुकल्यावरच झाकायचं. लेड-ॲसिड बॅटरी त्याच रात्री चार्जिंगला लावावी. उतरलेली बॅटरी तशीच राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट बसतं आणि पुढच्या कार्यक्रमाला ती तासाभरातच मान टाकते.